दहा गुणांचा पाकिस्तान

पाकिस्तान का झाला, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्णपणे ठाऊक होतं. आता मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि मला ते तितकंसं ठाऊक नाही. म्हणजे बुद्धी अजून वाढते आहे असं मी धरून चालते. नात म्हणते, आजी, तू नुसती केपो आहेस. केपो म्हणजे इथल्या बोलीत दुसऱ्याच्या भांड्यात डोकावणारी बाई. नात खोटं बोलत नाही.

पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून मी निवृत्त झाले आणि सिंगापूरला मुलाकडे राहायला आले. मुलगा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत, सून आंग मो किओला एका कंपनीत, आणि घर वुडलँड्सला, कारण तिथलं भाडं परवडायचं. दोघं सकाळी सातला बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि माझा आवाज. लोक म्हणतात निवृत्तीनंतर घर खायला उठतं. मला घराचा काही त्रास नव्हता. समोर चाळीस मुली बसलेल्या नाहीत आणि तरी आपल्याला सगळं येतंय, ह्याचा होता.

ही अडचण इथल्या मराठी बायकांच्या अभ्यासमंडळाने सोडवली. महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी कॉन्डोच्या हॉलमध्ये जमायचं, एकीने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी ऐकल्यासारखं करायचं, मग खाणं. माझ्या आधी पैठणीच्या पदरावर झालं होतं, उपवासाच्या पदार्थांतल्या पोषणमूल्यांवर झालं होतं. मी विषय जाहीर केला: पाकिस्तानच्या निर्मितीत इस्लामी विचारसरणीचा वाटा. एकीने विचारलं, स्लाइड्स असणार का? मी म्हटलं, विचार असणार. असं बोलायचे मी तेव्हा. मी माझी मलाच कशी सहन व्हायचे देव जाणे.

निबंध लिहायला वेळ लागणार नव्हता, कारण उत्तर तयार होतं. तीस वर्षं फळ्यावर तेच लिहिलं होतं. दहा गुण, पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन. इंग्रजांनी फोडा आणि झोडा केलं, वेगळे मतदारसंघ आले, द्विराष्ट्रवाद आला, धर्म धोक्यात असल्याची घोषणा आली आणि शेवटी धर्मवेड. शेवटच्या मुद्द्याखाली मी मुलींना दुहेरी रेघ मारायला सांगायचे. का, ते मलाही ठाऊक नव्हतं, पण पान छान दिसायचं.

तरी अभ्यास दाखवावा म्हणून वुडलँड्सच्या ग्रंथालयात जाऊन बसले, आणि तिथे भानगड झाली. ज्या बॅरिस्टरांनी तो देश मागितला ते विलायती कपड्यांतले, धर्मकर्माची फारशी सवय नसलेले. ज्या मौलवींना धर्म खरोखर ठाऊक होता त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा वेगळ्या देशाला विरोध. जिथल्या मुसलमानांनी सर्वांत मोठ्याने मागणी केली, ते प्रांत त्या देशात जाणारच नव्हते. आणि इस्लाम हा सगळ्यांना बांधणारा धागा म्हणावा, तर पंचवीस वर्षांच्या आत पूर्वेकडचे मुसलमान आपली भाषा घेऊन वेगळे झाले. मी हे सगळं एका वेगळ्या कागदावर ‘अपवाद’ म्हणून टिपून ठेवलं. चार दिवसांत अपवादांचा कागद मुख्य निबंधापेक्षा लांब झाला. तेव्हा मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निबंधाचं अक्षर जरा मोठं केलं.

आता शेजारीण. ती आमच्या समोरच्या दारात राहायची. पंचेचाळिशीची, चटपटीत, नवरा जहाजावर चीफ इंजिनियर, सहा महिने समुद्रावर. पहिल्यांदा भेटली ती लिफ्टमध्ये. फोनवर कुणाला तरी अस्सल रत्नागिरीच्या हेलात मासळी कशी धुवायची ते सांगत होती. वुडलँड्सच्या लिफ्टमध्ये मराठी ऐकून मला भरूनच आलं. मी नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव मुसलमानी होतं. मी डोळे मोठे करून म्हटलं, “अरे वा, मराठी किती छान बोलता हो तुम्ही.”

“तुम्हीपण,” ती म्हणाली.

मला वाटलं, काय गुणी बाई आहे, लगेच उलट कौतुक केलं. ते कौतुक नव्हतं हे समजायला मला सात महिने लागले.

ती मला बाई म्हणायची. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तिनेच सुरू केलं, आणि मी विरघळले. आमचं जाणं-येणं वाढलं. मुलीला पुण्याला कॉलेजात घालायचं तिच्या मनात होतं. एकदा तिने विचारलं, तुमच्या सोसायटीत भाड्याने घर मिळेल का एखादं? मी म्हटलं, “आमच्याकडे सगळी मराठीच माणसं आहेत हो.” ती म्हणाली, हो का, आणि चहा टाकायला उठली. मी चहा प्यायले. वर चहात आलं कमी पडलंय असंही सांगितलं. इथलं सरकार कुठल्या ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं असावीत ते मोजून ठरवतं, म्हणजे वेगळ्या वस्त्या होत नाहीत, ह्याचं मी त्याच बैठकीत भरपूर कौतुक केलं. बैठक तिची, चहा तिचा.

मग एक दिवस तिने बातमी सांगितली. तिची अम्मा रत्नागिरीहून येणार होती आणि अम्माची धाकटी बहीण, म्हणजे तिची खाला, कराचीहून. अम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, खाला शहात्तर. साठ वर्षांत दोघी दोनदा भेटलेल्या. हिला तिकडचा व्हिसा मिळायचा नाही, तिला इकडचा. शेवटी जावयाने डोकं चालवलं: दोघींना सिंगापूरला बोलवू, दहा दिवस आपल्याकडे राहतील.

माझ्या पर्समधलं टिपणाचं कोरं कार्ड त्या क्षणीच फडफडलं असणार. कराचीची जिवंत बाई. सत्तेचाळीस साल पाहिलेली. ग्रंथालयात असं पुस्तक मिळत नाही.

शेजारणीने ते माझ्या तोंडावर वाचलं बहुतेक, कारण तिने हातातलं काम थांबवून मला सांगितलं की एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन्ही वेळा दोघी भेटल्या तेव्हा शेवटी काहीतरी बिनसलं आणि बोलणं टाकून निघाल्या. काय बिनसलं ते अम्मा सांगत नाही. एवढंच ठाऊक, की अब्बांचा विषय निघाला की होतं. अब्बा जाऊन वीस वर्षं झाली. डॉक्टरांनी अम्माला हा प्रवास शेवटचा म्हणून सांगितलंय. तेव्हा हे दहा दिवस सरळ जायला हवेत, बाकी काही नको. मी म्हटलं, अगं, मी काय लहान आहे का. तोवर तिला मी अगं म्हणायला लागले होते.

दोघी आल्या. थोरली सुकलेली, ताठ, पांढरी ओढणी, डोळे तीक्ष्ण. धाकटी गोल, बसकी, बोलकी. धाकटी थोरलीला बुबू म्हणायची. मला वाटलं होतं कराचीची बाई शुद्ध उर्दू बोलणार, म्हणून मी दोन-चार शब्द घोकूनही ठेवले होते. ती दारात मला बघून म्हणाली, “ह्या कोण गो? बसा की, उभ्या कशाला.” साठ वर्षं त्या बाईने ती बोली मिठात घालून ठेवल्यासारखी जपली होती. माझ्या मुलाचं मराठी तीन वर्षांत अर्धं झालं होतं.

पहिले तीन दिवस फार सुरेख गेले. सकाळी दोघी खाली ब्लॉकच्या मोकळ्या मजल्यावर दगडी बाकावर बसायच्या. कपडे वाळत घालायच्या बांबूंकडे बघून हसायच्या, चिनी म्हाताऱ्यांच्या पत्त्यांच्या डावावर टीका करायच्या. गावातल्या मेलेल्या माणसांची हजेरी घ्यायच्या. मी शेजारी बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे सगळं ठीक, पण मुद्दा काय?

चौथ्या दिवशी दुपारी सांदण करायचं ठरलं. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोड वडे, कोकणातल्या घरोघरचे. मलाही चालतात म्हणून मला बोलावलं. नारळ कमी पडला म्हणून शेजारीण खाली मार्केटात गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघी राहिलो. मी पर्समधून कार्ड काढलं. वर ‘प्रत्यक्ष मुलाखत’ असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. रेघ मारल्याशिवाय मला विचार सुचत नसे.

“खाला, तुम्ही पाकिस्तानात का गेलात? धर्मासाठी?”

“मी कुठे गेले? माझं लगीन झालं.”

मग तिने सांगितलं. सोळाव्या वर्षी लग्न झालं, नवरा कराचीच्या बंदरात क्रेनवर. तेव्हा मुंबईहून आगबोट निघायची ती कराचीला लागायची. माहेर लांब पडेल म्हणून आई रडली, देश लांब पडेल म्हणून कुणीच रडलं नाही. वर्षभराने एका सकाळी नवरा म्हणाला, हे आता पाकिस्तान आहे. ती म्हणाली, बरं. चूल तीच होती, नळ तोच होता.

लग्न हा मुद्दा माझ्या पाचांत नव्हता. मी कार्डावर काहीच लिहिलं नाही. म्हटलं, पण तुमच्या यजमानांना काहीतरी वाटत असेलच की, इस्लामी राष्ट्र वगैरे. ती हसली. त्याला जुम्म्याच्या नमाजाची आठवणसुद्धा ती करून द्यायची.

इथे कुठलीही शहाणी बाई थांबली असती. मी तीस वर्षांची सवय असलेली बाई होते. मुलगी उत्तर चुकवायला लागली की दुसऱ्या बाजूने विचारायचं.

“तरी कुणीतरी मागितला असेल ना तो देश?”

धाकटीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने बहिणीकडे पाहिलं.

“मागितला ना. हिच्या नवऱ्याने मागितला. मिळाला मला.”

थोरली म्हणाली, त्यांचं नाव काढू नको. धाकटी म्हणाली, का नको? गावात लीगची मिरवणूक कोणी काढली? झेंडा कोणाच्या पडवीत शिवला? थोरलीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ते दीनासाठी, धर्मासाठी होतं, ती म्हणाली, त्यांनी इमानाने केलं, मुसलमानाला कुठेतरी मान मिळेल असं त्यांना वाटलं.

“मग मान घ्यायला आले का नाय ते?” धाकटी म्हणाली. “रत्नागिरीत बसून पेन्शन खाल्ली, हिंदुस्थान सरकारची. इस्लाम म्हणशील तर तो आपल्या गावातपण होता. पाच वेळची बांग होती, पीराचा उरूस होता. त्याच्यासाठी आगबोट कशाला लागते? मी तिथे साठ वर्षं काढली. इस्लाम सगळ्यांचा एक, नि पाण्याचा टँकर ज्याच्या त्याच्या भाषेवाल्यांचा. मला अजून विचारतात, तू मूळची कुठली.”

दारात शेजारीण नारळ घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. थोरली उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सांदणं वाफेवर राहून दगड झाली. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं. आणि खरं सांगते, ठेवताना मला वाटलं की मुलाखत उत्तम झाली. कुणी मला तेव्हा लाटणं फेकून मारायला हवं होतं, पण त्या घरची माणसं सभ्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. तिचे अब्बा गावच्या शाळेत मास्तर होते. दर पंधरा ऑगस्टला त्यांनी आपल्या हाताने तिरंगा चढवलेला तिने पाहिला होता. मिरवणुकीचं तिला काल पहिल्यांदा कळलं. आणि अम्मा साठ वर्षं का गप्प होती तेही कळलं. तिच्या भावांना आजही क्रिकेटची मॅच झाली की कुणी ना कुणी जा पाकिस्तानात म्हणून ऐकवतो. गावात ही गोष्ट फुटली असती तर काय झालं असतं? मी म्हटलं, माझा प्रश्न निव्वळ ऐतिहासिक होता.

“इतिहास तुमचा असेल, बाई. ती माझी अम्मा आहे. सहा दिवस उरलेत.”

ते बोलून ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

पुढचे तीन दिवस त्या घरात दोन देश होते. एक हॉलमध्ये, टीव्हीवर हिंदी मालिका लावून. दुसरा आतल्या खोलीत, हातात माळ घेऊन. सगळा व्यवहार तिसऱ्या पक्षाच्या मध्यस्थीने. तुझ्या खालाला सांग मीठ जास्त झालंय. तुझ्या अम्माला सांग, तिची जीभ म्हातारी झालीय. दोघी एकाच बोलीत बोलायच्या, एकमेकींना स्वच्छ ऐकू यायचं, तरी शेजारणीने मधे उभं राहून ते पुन्हा म्हणायचं. मुलाने संध्याकाळी जेवताना मला विचारलं, आई, तू नक्की काय केलंस तिकडे? मी म्हटलं, काही नाही, एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, आई, तुझ्या एका प्रश्नामुळे बाबांनी आत्याकडे जाणं सोडलं होतं. हे खरं होतं, पण ती गोष्ट वेगळी.

सातव्या दिवशी मला उपाय सुचला. तो आठवला की आजही मी तोंड पदरात घालते. मी ठरवलं, दोघींना समोर बसवून माझा निबंध वाचून दाखवायचा. म्हणजे त्यांना कळेल की हे सगळं ऐतिहासिक शक्तींमुळे झालं, कुणा एका नवऱ्याचा दोष नाही. अशी ही माझी माफी. पंधरा पानांची.

संध्याकाळी गेले. धाकटी हॉलमध्ये होती. थोरलीच्या खोलीचं दार शेजारणीने उघडं ठेवलं, खुर्ची उंबऱ्याशी आणून दिली. थोरली तोंड भिंतीकडे करून बसली. मी चष्मा लावला, घसा साफ केला आणि सुरू केलं. पहिली दोन पानं इंग्रजांवर होती, ती निर्विघ्न पार पडली. तिसऱ्या पानावर माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं. समजूतदारपणाचं. ते मी मुद्दाम सावकाश वाचलं: “मराठी माणूस आणि मुसलमान शतकानुशतके शेजारी म्हणून गुण्यागोविंदाने नांदत आले होते.”

“थांबा जरा,” धाकटी म्हणाली. “नि आम्ही?”

“म्हणजे?”

“मराठी माणूस एकीकडे, मुसलमान एकीकडे. आम्ही ह्यात कुठे बसायचं?”

मी म्हटलं, नाही, मराठी म्हणजे तसं नव्हे, मराठी म्हणजे आपले, म्हणजे जे... आणि वाक्य तिथेच अडकलं. तीस वर्षांत वर्गात माझं वाक्य कधी अडकलं नव्हतं. ‘ते मराठी आहेत की मुसलमान?’ हे आम्ही लहानपणापासून इतक्या सहज विचारत आलो होतो, की त्यात प्रश्न आहे हेच कधी दिसलं नव्हतं. 

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. तीन दिवसांनी पहिल्यांदा, मध्यस्थ न लावता.

“अगो, हिने तर बसल्या जागी फाळणी केली. नि हिला कळलंपण नाय.”

“तेच सांगते बुबू,” धाकटी म्हणाली. “ते बॅरिस्टर उगाच दमले. ही बाई असती तर मिरवणूकपण लागली नसती.”

आणि दोघी हसल्या. थोरलीचं हसू खोकल्यासारखं निघालं, धाकटीचं पोटातून. मला वाटलं शेजारीणही हसेल. ती हसली नाही. कपाटाशी पाठ करून कप लावता लावता म्हणाली, “बाईंच्या पुण्याच्या सोसायटीतपण सगळे मराठीच आहेत, अम्मा.”

तेव्हा मला तो चहा आठवला, आणि ते आलं. द्विराष्ट्रवादाच्या ज्या सिद्धान्ताला मी तीस वर्षं फळ्यावर रोज हरवत होते, तो माझ्याच जिभेवर पाट मांडून जेवत होता. दोन गुण तर सोडाच, मी स्वतःला अर्धाही दिला नसता. मी शेजारणीला काही म्हणायला गेले, तर ती म्हणाली, राहू द्या, मुलीने मुंबईचं कॉलेज पक्कं केलंय. ह्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

निबंध त्या दोघींनी माझ्याकडून काढूनच घेतला. थोरली मास्तराची बायको, तिला पेपर तपासायची रीत ठाऊक. ती एकेका वाक्यावर बोट ठेवायची आणि वाचायला लावायची. ‘मुसलमानांनी स्वतंत्र राष्ट्राची मागणी केली.’

“कोणत्या?” थोरली विचारायची.

मी म्हणायचे, म्हणजे सर्वसाधारणपणे. ती म्हणायची, तेव्हा मत कोणाला होतं? ज्याच्याकडे जमीन नि शाळा त्याला. आमच्या वाडीतल्या खलाशांना कोणी विचारलं? पुढचं वाक्य. पुन्हा कोणत्या. मुंबईहून एक वकील आला होता, तिने सांगितलं, त्याने चौकात भाषण केलं. जो तो आपल्याला हवं ते ऐकून घरी गेला. मास्तरला वाटलं आता मान मिळेल, खोताच्या कुळाला वाटलं खोत जाईल, बायकोवर वैतागलेल्या एकाला वाटलं आता शरियत येईल. प्रत्येकाचा इस्लाम वेगळा, घोषणा तेवढी एक. धाकटी म्हणाली, तिकडेही तसंच आहे बुबू, अजून तेच चाललंय, फक्त लाऊडस्पीकर मोठे झालेत.

मात्र नवऱ्याचा विषय थोरलीने पुन्हा निघू दिला नाही, आणि धाकटीनेही काढला नाही. दोघी बोलत होत्या, पण मधलं ते एक पान दुमडून ठेवल्यासारखं. शेजारणीची नजर सारखी त्यांच्यावर. तिला भीती, की ही नुसती वरवरची मलमपट्टी.

शनिवारी माझं व्याख्यान झालं. पंधरा पानांची साडेतीन राहिली होती, आणि त्यांतलीही दोन पर्समधल्या अपवादांची. मी सांगितलं की विचारसरणीचा वाटा मोठा होता, पण ती विचारसरणी काय होती ह्यावर मागणाऱ्यांचंच एकमत नव्हतं. आणि ज्यांनी मागितलं आणि ज्यांना मिळालं ती माणसं पुष्कळदा वेगळी होती. एकीने विचारलं, पण निष्कर्ष काय? मी म्हटलं, नाही आहे. मागून कुणीतरी म्हणालं, एवढ्या लांबून एमआरटीच्या गाडीने येऊन निष्कर्षसुद्धा नाही. मग मी शेजारणीकडून करून आणलेली सांदणं डब्यातून काढली, आणि उरलेला वेळ पिठाचं प्रमाण सांगण्यात गेला. आलेल्यांपैकी एक माझ्या कानाशी म्हणाली, त्या लोकांचं आपल्यासारखंच असतं नाही सगळं? दोन आठवड्यांपूर्वी ते वाक्य मीच बोलले असते, आणि अधिक चांगल्या उच्चारांत.

रविवारी विमानतळावर मलाही नेलं. सामान धरायला कुणीतरी हवं होतं, आणि शेजारीण मला बहुधा डोळ्यांसमोर ठेवणंच सुरक्षित समजत होती. थोरलीचं मुंबईचं विमान आधी होतं. धाकटीचं त्यानंतर दोन तासांनी, वाटेत एकदा बदलायचं. थोरलीला चाकांच्या खुर्चीत बसवलं. विमान कंपनीचा माणूस खुर्ची ढकलायला आला, तेव्हा तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि धाकटीला जवळ बोलावलं. धाकटी वाकली. थोरलीला वाटलं असेल आपण हळू बोलतोय, पण तिला ऐकू कमी येत असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

“मागितला त्यांनी. खरं आहे ते. मला विचारलं नव्हतं.”

धाकटीने थोरलीची ओढणी सरकली होती ती नीट केली, खुर्चीच्या दांड्यावर दोनदा थोपटलं. मग तो माणूस खुर्ची घेऊन गेला. थोरलीने मागे वळून पाहिलं नाही. मान वळत नसे तिची.

नंतर आम्ही तिघी बाकावर बसलो. मी गप्प होते. ते शेजारणीच्या लक्षात आलं आणि तिने मला बरं वाटत नाही का असं विचारलं. मग धाकटी स्वतःच बोलायला लागली. तिला साठ वर्षं वाटत आलं होतं की बहीण आणि मेहुणा दोघांनी मिळून ते सगळं केलं. रात्री दिव्याशी बसून दोघं बोलली असतील, ठरवलं असेल, आणि तिला तिकडे टाकून आपण मजेत माहेरच्या गावात राहिली. दोनदा भेटली तेव्हा दोन्ही वेळा बुबूने त्याचीच बाजू घेतली, म्हणून ती खात्रीच करून बसली. बुबूलाही कोणी विचारलं नसेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाली, मी पण ह्या बाईसारखीच, उत्तर आधीच लिहून ठेवलेलं.

तिच्या विमानाची घोषणा झाली. ती उठली, गुडघे धरून थोडी उभी राहिली, मग भाचीच्या गालाला हात लावला.

“अम्मा पोचली की फोन लाव तिला. सांग, खालाचा तुझ्यावरचा राग गेला.”

“आणि अब्बांवरचा?” शेजारणीने विचारलं.

“त्याला माफी नाय,” धाकटी म्हणाली, आणि पासपोर्ट हातात धरून रांगेत जाऊन उभी राहिली.